रपट्यापुढचा पाट

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठीने मला एक प्रश्न विचारला आणि मी "आवाज तुटतोय गं" म्हणून फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. तिला शाळेत घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं होतं. म्हणून तिने संगणकावर आजोबांचं नाव शोधलं, तर एकच ओळ सापडली: माजी जिल्हा परिषद सदस्य. मग तिने विचारलं, "आजी, आजोबा राजकारणी होते? मग ते चांगले होते का?"

हो म्हणून टाकलं असतं तर तिचं काम झालं असतं. पण मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यानंतर एका साप्ताहिकाची संपादक होते. पुरावा न देता उत्तर लिहिलं तर मी मुलांचे गुण कापत असे. तेव्हा हे पत्र. धाकट्याला वाचायला जड गेलं तर मोठीने त्याला वाचून दाखवावं. वाचून दाखवण्याला आपल्या घरात मोठा मान आहे, तो का ते पुढे येईलच.

आधी जागा सांगते. गोंदियाजवळच्या गोरेगावात एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आपलं घर आहे. तुम्ही लहानपणी पाहिलंत. पुढे छपरी, म्हणजे पडवी, आहे आणि तिच्यात एक लांब लाकडी बाक. माझ्या शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा आजोबांनी तो उचलून आणला. त्याच्या एका टोकाला कोणा विद्यार्थ्याने कर्कटकाने बदक कोरलेलं आहे. त्या बदकावर हात ठेवून जिल्ह्यातली किती माणसं बसली असतील, याची गणती नाही.

१९९९ साली आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. तोवर आजोबा नागपूरच्या एका दैनिकाचे तालुक्याचे वार्ताहर होते. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि स्टँडवर ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. चार कॉलम लिहून पाठवलं की दोन इंच छापून येई. जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते म्हणाले, "आता भंडाऱ्याच्या पानावर कोपऱ्यात कशाला बसायचं? आपलं साप्ताहिक काढू." काढलं. चार पानं. मजकूर मंगळवारी संध्याकाळी पक्का व्हायचा, बुधवारी सकाळी नऊच्या बसने गोंदियाला जायचा, तिथे तो कंपोझ व्हायचा, मी किंवा ते प्रुफं वाचायचो आणि गुरुवारी गठ्ठे परत यायचे. शाळा सांभाळून व्याकरण माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे. कामाच्या वेळी ते मला "मॅडम" म्हणत. एरवी काय म्हणत, ते तुम्हाला सांगायचं कारण नाही.

पहिल्याच वर्षी त्यांनी एक मोठी चूक केली. कचारगडची, गोंड समाजाची मोठी यात्रा होती. आजोबांना त्या दिवशी ताप होता, म्हणून ते गेले नाहीत. स्टँडवर कोणीतरी सांगितलं की यंदा माणसं कमी आहेत. त्यांनी तेवढ्यावर बातमी लिहिली: यात्रेला अल्प प्रतिसाद. पेपर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गोंड गृहस्थ सालेकशाकडून दोन बसा बदलून आपल्या छपरीत आले. हातात पेपरची घडी होती. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो आजोबांपुढे धरला आणि म्हणाले, "पढ़ के सुना बाबू, क्या लिखा है तूने."

आजोबांनी वाचलं. म्हातारे शांतपणे ऐकत राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "मैं वहीं था. पाँव रखने को जगह नहीं थी. तू तो आया ही नहीं, फिर तेरे को दिखा कैसे?"

रागावून ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्या हातचा चहा घेतला आणि तीनच्या बसने परत गेले. आजोबा मात्र दिवसभर बाकावर बसून होते. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं की आम्ही गेलो नव्हतो, बातमी चुकीची होती. आणि त्या दिवसापासून दोन नियम झाले. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही.

दुसरा नियम फार वेळखाऊ होता. बातमीखाली आठ ओळींची चौकट ठेवायची. ज्याच्यावर बातमी आहे त्याला बोलवायचं, नाही तर त्याच्या घरी जायचं, बातमी मोठ्याने वाचून दाखवायची आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत त्या चौकटीत घालायचं. अक्षरांचा आकार तोच. कोणी उत्तर दिलं नाही तर चौकट कोरी जायची. पहिल्यांदा कोरी चौकट गेली तेव्हा गोंदियाच्या छापखान्यातून फोन आला, "मैडम, ये आठ लाइन खाली छूट गई है. धान के बीज का विज्ञापन डाल दूँ?" मी म्हटलं, खालीच रहने दो. त्या आठवड्यात बाजारात त्या कोऱ्या चौकटीवर जेवढी चर्चा झाली तेवढी बातमीवर झाली नाही. ज्यांची ती चौकट होती ते सरपंच पुढच्या गुरुवारी आपणहून आले आणि म्हणाले, "आता तं आठच्या जागी सोळा ओळी द्या जी, दोन आठवड्यांचं बोलतो."

लोकांना त्याची गोडी लागली. एका रेशन दुकानदारावर बातमी होती की तो दुकान वेळेवर उघडत नाही. आजोबांनी वाचली. तो बदकावर बोटं फिरवत ऐकत होता. म्हणाला, "बाकी सगळं बराबर हाये भाऊ. फक्त माहं नाव थोडं मोठ्या अक्षरात टाका. सासुरवाडीले पेपर जाते." अशी माणसं. आमच्याकडे बोलणं पुण्यासारखं गुळगुळीत नाही. तोंडावर बोलतात आणि मग तुमच्याच घरचा चहा पितात.

अशी पाच-सहा वर्षं गेली. त्या वर्षांतले मंगळवार मला अजून आठवतात. शाळेतून आले की छपरीत कोणी ना कोणी बसलेलं असे, आत भात शिजत असे, आणि आजोबांचा बातमी वाचण्याचा तो सपाट, चढ-उतार नसलेला आवाज येत असे. ते म्हणत, आवाज चढवला की बातमी आपली होते, ऐकणाऱ्याची राहत नाही. तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. ती त्या आवाजाची नक्कल करून दूधवाल्याचा हिशेब वाचायची आणि आम्ही सगळे हसायचो.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली आणि एका पक्षाची माणसं त्याच बाकावर येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, गावोगावी तुमाले वळखतात. लिहून लिहून काय होते? आत येऊन करा ना." आजोबा आठ दिवस विचार करत होते. मी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते. शेवटी ते मला म्हणाले, "मी उभा राहिलो तर पेपर तुला चालवावा लागेल. संपादक म्हणून माझं नाव राहता कामा नये. आणि नियम तेच राहतील." मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, ते निवडून येणार नाहीत.

त्यांचा प्रचार बघायला तुम्ही हवे होतात. सवयच अशी जडलेली की भाषणातही दुसऱ्याची बाजू सांगितल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना. "माझे विरोधक म्हणतात की मला शेतीतलं कळत नाही. यात तथ्य आहे. धानाची बांधी माझा भाऊ पाहतो." मागे उभ्या कार्यकर्त्याने त्यांचा सदरा ओढला आणि त्याची कुजबुज माईकमधून सगळ्या गावाला ऐकू गेली, "भाऊ, आपण मतं कोणासाठी मांगून रायलो?" लोक इतके हसले की सभा संपल्यासारखी झाली. बहुतेक त्या हसण्यावरच ते निवडून आले.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. शाळेच्या खोल्या झाल्या, एका गावाला हातपंप मिळाला. पण हळूहळू काहीतरी बदललं आणि ते मला बाकावरून कळलं. आधी माणसं तिथे सांगायला येत, आता मागायला येऊ लागली. सांगणारा माणूस टेकून बसतो. मागणारा काठावर बसतो. आजोबांच्या खिशातली वही तीच होती, पण आता तिच्यात बरोबरची माणसं लिहीत. आणि मोटरसायकलच्या जागी जीप आली. ते म्हणत, "दिवसाला सहा गावं होतात." मी म्हटलं, "होतात की दिसतात?" त्यांना ते आवडलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

त्यांच्या मतदारसंघातल्या एका गावाला मोठा तलाव आहे. जुन्या मालगुजारांच्या काळातला, पाळीवर चिंचेची झाडं असलेला. त्यातून निघणारा पाट वर्षानुवर्षं फुटलेला होता. आजोबांनी मागे लागून त्याची दुरुस्ती मंजूर करून आणली. उन्हाळ्यात काम झालं. पावसाळा बरा होता, म्हणून पाटाची आठवण कोणाला झाली नाही. पण दसऱ्याच्या आधी पाऊस अचानक थांबला. आमच्याकडे हलका धान तेव्हा कापणीला येतो, पण भारी धान नुकता निसवत, म्हणजे लोंबी टाकत, असतो. त्याला त्या पंधरवड्यात पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरत नाही. म्हणून तलावाचं पाणी सोडायचं ठरलं आणि त्याच दिवशी नव्या पाटाचं उद्घाटनही. नारळ फुटला, पाणी खळाळत निघालं, टाळ्या झाल्या. जीप चालूच होती, कारण पुढच्या गावी दुसरा कार्यक्रम होता. ठेकेदाराने एक कागद पुढे केला: काम शेवटपर्यंत पूर्ण झाले आहे. आजोबांनी विचारलं, "शेवटपर्यंत झालं ना?" तो म्हणाला, "झालं ना भाऊ, पानी तं तुमच्यासमोरच गेलं." त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली.

आठ दिवसांनी त्या गावची एक साठीची बाई आपल्या छपरीत आली. तिच्या पदराला धानाच्या चार लोंब्या बांधलेल्या होत्या. ती बाकावर बसली नाही, खाली बसली. मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या मालकानं पानी सोडलं म्हनतात. थे गेलं कोठी?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे आमच्या बांधीत नाही आलं. आमची टोली पाटाच्या शेवटी हाये. सारे मरून रायले धान." तिने लोंब्या सोडून माझ्या हातात ठेवल्या. पांढऱ्या, हलक्या, आत काही नाही. "तुमी लिहिता ना सगळ्याईचं? हे लिहा. का घरचं हाये म्हनून नाही लिवत?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. फाट्यावर ती बाई उभी होती. आम्ही दोघी तलावापासून पाटाच्या कडेने चालत निघालो. पाट छान होता, खोटं कशाला बोलू. नवं सिमेंट, सरळ धार. गाडीरस्त्याला एक रपटा आहे, म्हणजे पावसाचं पाणी वरून जावं म्हणून केलेला ठेंगणा पूल. तिथे सिमेंट संपलं. रपट्याच्या पुढे जुनाच पाट होता आणि तो बेशरमाच्या झुडपांनी इतका भरलेला की खाली जमीन दिसत नव्हती. तलावाचं पाणी रपट्यापाशी वळून सरळ नाल्यात पडत होतं. त्याचा आवाज ऐकत आम्ही दोघी उभ्या राहिलो. पुढे तिच्या टोलीच्या, म्हणजे त्या वस्तीच्या, बांध्या. चिखलाला पडलेल्या भेगांत माझ्या चपलेचं टोक अडकलं.

"तुमच्या मालकाची जीप रपट्याच्या अलीकडंच फिरली," ती म्हणाली. "पुढं जागाच नाही जीप फिरवाले."

मी घरी येऊन बातमी लिहिली. शीर्षक दिलं: पाणी सोडले, पोहोचले नाही. सही कोणाची होती तेही लिहिलं. खाली आठ ओळींची चौकट आखली.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आजोबा आले. बरोबर तोच सदरा ओढणारा कार्यकर्ता होता. तिकिटं ठरायचे दिवस होते, म्हणून दोघे दिवसभर कोणाकोणाला भेटून आले होते. मी म्हटलं, "तुमच्यावर बातमी आहे. बसा." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझ्या हातातला कागद पाहून ते बाकावर बसले. इतकी वर्षं त्यांनी लोकांना त्या बाकावर बसवलं, पण स्वतः ऐकायला ते तिथे कधी बसले नव्हते.

मी वाचलं. त्यांच्यासारखंच, सपाट आवाजात. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाहिलं?"

"तलावापासून चालत गेले."

कार्यकर्ता उठून उभा राहिला. "वहिनी, हे काय करून रायल्या तुमी? घरचा पेपर घरच्याच माणसाले पाडन का? जिल्ह्यातल्या सगळ्या बातम्या सरल्या का?"

"सरल्या नाहीत. पण ही मी पाहिली."

"मंग पुढच्या महिन्यात टाका ना. तिकीट होऊन जाऊ द्या. पाट कोठं पळून चालला?"

मी आजोबांकडे पाहत होते. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात घेऊ. मी चौकशी लावतो तोवर."

"पुढच्या आठवड्यात तो धान राहणार नाही."

तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं. ते मी तुमच्या आईलाही कधी सांगितलं नाही, पण पुरावा म्हटला की सगळा द्यावा लागतो. ते म्हणाले, "तुला यातलं काय कळतं? मुलांच्या वह्या तपासण्याइतकं सोपं नसतं ते."

मी कागदाची घडी घातली आणि सांगितलं, "सकाळी नऊची बस आहे. तोवर चौकट तुमची आहे." आणि जेवायला वाढलं. दोघेही जेवले. भाजीत मीठ जास्त झालं होतं.

चौकट कोरी जाणार, हे मी जवळजवळ धरून चालले होते. त्या कोऱ्या चौकटीवर बाजारात काय बोलतील ते मला पाठ होतं. तिकीट जाईल हेही कळत होतं. पण खरी भीती वेगळी होती. कोरी चौकट गेली असती तर मला उरलेलं आयुष्य अशा माणसाबरोबर काढावं लागलं असतं, ज्याला त्याचं स्वतःचं काम मी शिकवलं. तेही माझ्याकडून शिकल्याबद्दल मला कधी माफ करू शकले नसते. हे मला तेव्हा इतकं नीट मांडता आलं नसतं, पण मनात होतं ते हेच.

सकाळी उठले तर ते घरात नव्हते. जीप दारात होती. कोपऱ्यात वर्षभर धूळ खात पडलेली मोटरसायकल मात्र नव्हती. मी मजकूर पाकिटात घातला, पाकीट उघडंच ठेवलं, साडी बदलली आणि बाकावर घड्याळ पाहत बसले. साडेआठच्या सुमारास गाडीचा फटफट आवाज आला. आजोबांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली होती आणि बाहीला बेशरमाचं पान चिकटलेलं होतं. ते बूट न काढता छपरीत आले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "लिहून घ्या."

मी पेन काढलं.

"बातमी खरी आहे. मी न पाहता सही केली. आज सकाळी जाऊन पाहिलं. रपट्याच्या पुढे पाट नाही."

मी लिहिलं. चार ओळी झाल्या. मी विचारलं, "अजून चार ओळी आहेत. ठेकेदाराचं काही?"

"त्याला वेगळं वाचून दाखवू. ही चौकट माझी आहे." मग बाहीवरचं पान काढत म्हणाले, "काल जे बोललो ते चौकटीत घालता येत नाही. पण ते चुकीचं होतं."

मला नऊची बस गाठायची होती. मी त्यांना म्हटलं, बूट बाहेर काढा.

पेपर निघाला. ठेकेदाराला त्यांनी खरोखरच वाचून दाखवलं आणि त्याची चौकट पुढच्या अंकात कोरी गेली. पण आजोबा पेपर निघायची वाट पाहत थांबले नव्हते. बुधवारी दुपारीच ते परत त्या गावी गेले. टोलीतली माणसं आणि ते, सगळ्यांनी मिळून तीन दिवस बेशरम तोडला आणि फावड्याने कच्चा पाट खोदला. पाणी गेलं. सगळ्यांना पुरलं नाही. त्या बाईची एक बांधी वाचली, एक गेली.

तिकीट मिळालं, कारण ऐन वेळी दुसरं कोणी तयार होईना. विरोधकांनी ती बातमी कापून गावोगावी वाटली. आजोबांनी काय केलं असेल? प्रत्येक सभेत आधी स्वतःच ती बातमी वाचली, चौकटीसकट. कार्यकर्त्याने सदरा ओढणं सोडून दिलं होतं. मला म्हणाला, "वहिनी, समोरच्याले बोलाले काही ठेवूनच नाही रायले भाऊ." ते पडले. बातमीमुळेच पडले असं मी म्हणणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. पाट पुढे गेला तर आपलं पाणी वाटलं जाईल, ही रपट्याच्या अलीकडच्या लोकांची भीती होती आणि ती माणसं जास्त होती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. आजोबा छपरीत येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "संपादक मॅडम, वार्ताहराची जागा रिकामी आहे का?"

मी म्हटलं, "अर्ज लिहून आणा. शुद्धलेखन तपासलं जाईल."

त्यानंतर प्रत्येक अंकात, पहिल्या पानाच्या तळाशी एक ओळ छापायला सुरुवात झाली: पाट अजून रपट्यापर्यंतच आहे. दोन पावसाळे ती ओळ गेली. ज्यांनी आजोबांना हरवलं ते सदस्य एक दिवस पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि बाकावर टेकून बसले. म्हणाले, "भाऊ, आता ते एक ओळ काढा ना जी. पोरीच्या लग्नात वऱ्हाडी बी इचारून रायले, पाट कोठंवर आला म्हनून. झालं आता काम. घ्या पेढा."

"आधी पाहून येतो," आजोबा म्हणाले.

ते दोघे सदस्यांच्याच गाडीतून गेले आणि रपट्यापुढे दोघे चालत गेले. परत आल्यावर आजोबांनी पेढा खाल्ला. त्या गुरुवारी ती ओळ निघाली.

आणखी काही वर्षं साप्ताहिक चाललं. मग लोकांच्या हातात फोन आले, गुरुवारची वाट पाहायचं कोणाला कारण उरलं नाही. आजोबांना बरं वाटेनासं झालं, तेव्हा आम्ही शेवटचा अंक काढून थांबलो. त्या अंकात कोणावरही बातमी नव्हती. तरी सवयीने मी एक चौकट आखली होती आणि ते म्हणाले, राहू दे तशीच.

मोठे, तुझ्या शाळेत बोलायला हे पत्र फार लांब आहे, हे मला कळतं. तुला यातलं जे उपयोगी पडेल ते घे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू ठरव. फक्त ठरवण्याआधी धाकट्याला सगळं वाचून दाखव आणि त्याला काय वाटतं तेही ऐक.

आता आजोबांमागे काय उरलं आहे ते सांगते. साप्ताहिकाच्या सगळ्या अंकांची बांधलेली पुस्तकं लोखंडी कपाटात आहेत, एकही अंक कमी नाही. बाक छपरीत आहे, बदक अजून दिसतं. आणि पाट आहे. यंदा दसऱ्याच्या आधी पाऊस थांबला तेव्हा तलावाचं पाणी सोडलं. ते रपटा ओलांडून शेवटच्या बांधीपर्यंत गेलं. मी जाऊन पाहिलं.